काका काढून टाका

स्वतःचं घर ते स्वतःचं घर. भाड्याच्या घरात भिंतीला खिळा ठोकायचा तरी मालकाचं तोंड बघावं लागतं. हे मी आमच्या दुकानात उभं राहून इतक्या आत्मविश्वासाने सांगितलं, की समोरच्या सतरा आरशांतल्या सतराही मुलींनी एकदम मान डोलावली. एवढं एकमत मला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

विषय घराचा नव्हता, इंटरनेटचा होता.

आमचं म्हणजे माझ्या काकांचं आरशांचं दुकान आहे. मी भौतिकशास्त्राची पदवीधर, त्यातही प्रकाशशास्त्र हा खास विषय. त्यामुळे मी आरशांच्या दुकानात लागले हा निसर्गनियमच आहे, असं मी लोकांना सांगते. दुसरीकडे कुठे नोकरी मिळाली नाही हेही एक कारण आहे, पण ते नियमात बसत नाही. काका मला ‘शास्त्रज्ञ’ म्हणतात. त्यात कौतुक किती आणि चिमटा किती, हे मला अजून मोजता आलेलं नाही.

दुकानाचे दोन भाग आहेत. पुढे आरसे आणि काउंटर, मागे काकांची खोली. मागच्या खोलीत काचेच्या कडा घासायचं टेबल आहे. त्याच्या चाकावर सारखं पाणी गळतं, काचेचा पांढरा चिखल उडतो आणि काका त्यात बनियनवर उभे राहून दिवसभर कडा घासतात. त्यांनी घासलेल्या कडेवरून डोळे मिटून बोट फिरवावं. रेशमाची किनार असावी तसं वाटतं.

आणखी एक वस्तू सांगायला हवी. काउंटरच्या मागे, गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर एक साधा आरसा टांगलेला आहे. आमच्यात त्याला ‘तक्रारीचा आरसा’ म्हणतात. तो आजोबांनी लावला. भांडायला आलेलं गिऱ्हाईक पहिली दोन वाक्यं जोरात बोलतं, तिसऱ्या वाक्याला त्याची नजर आरशात जाते, आणि चौथ्या वाक्याआधी ते केस सारखे करतं. पाचवं वाक्य सहसा येत नाही.

तर त्या दिवशी सकाळी आमच्या दुकानाचं ॲपवरचं पान बंद पडलं होतं.

शहरातली निम्मी दुकानं ज्या एका ॲपवर असतात, तिथे आमचंही पान होतं. पाच वर्षांत तीनशे बारा गिऱ्हाइकांनी तिथे चार चांगले शब्द लिहिले होते. ते सगळं गेलं आणि जागेवर एक ओळ उरली: ‘आपल्या पानावर अपुऱ्या कपड्यांतील व्यक्ती वारंवार आढळल्याने पान बंद करण्यात येत आहे.’

मी फोटो तपासले. आरशाचा फोटो हा विचित्र प्रकार आहे. खुर्चीचा फोटो काढला तर खुर्ची येते. आरशाचा काढला तर तुम्ही येता. काकांनी पाच वर्षांत त्रेसष्ट आरशांचे फोटो स्वतःच्या हाताने काढले होते, आणि त्यांतल्या एकेचाळीस फोटोंत काका बनियनवर हजर होते. अंडाकृती चौकटीतले काका. गोल चौकटीतले काका. शिसवी चौकटीत गंभीर काका. ‘बाथरूमसाठी खास’ या मथळ्याखाली ओले काका. ॲपच्या यंत्राने सरळ निष्कर्ष काढला होता, की हे दुकान काका विकतं.

मी ताबडतोब अर्ज केला. ‘सदर व्यक्ती दुकानाचे मालक असून विक्रीस नाहीत.’

चार सेकंदांत उत्तर आलं: ‘संबंधित व्यक्ती काढून टाका व पुन्हा अर्ज करा.’

“काय म्हणतायत?” काकूने डबा उघडता उघडता विचारलं. दुपारचा डबा घेऊन ती रोज येते आणि संध्याकाळपर्यंत दुकान सांभाळते.

“काका काढून टाका म्हणतायत.”

“मी एकतीस वर्षं प्रयत्न करतेय. त्यांना म्हणावं, तुम्हाला जमलं तर कळवा.”

काका हसले नाहीत, आणि त्याला कारण होतं. महिन्याअखेरीस आमची मागची खोली जाणार की राहणार, ते ठरायचं होतं. शेजारच्या गादीवाल्यांना गोदामासाठी जागा हवी होती, आणि धंदा बसल्याने काकांना नाही म्हणता येत नव्हतं. हल्ली लोक प्लास्टिकच्या चौकटीतले तयार आरसे घेतात, कडा घासून कोण मागतं, तेव्हा खोली द्या आणि पुढे बसून तयार माल विका, असं त्यांचं म्हणणं होतं. खोली गेली की टेबल गेलं, आणि टेबल गेलं की काका नुसते दुकानदार. काकांनी त्यांच्याकडे महिनाभराची मुदत मागितली होती ती एका कामाच्या भरवशावर. एका नृत्यशाळेच्या बाई नवा हॉल बांधत होत्या. त्यांना एक अख्खी भिंत आरशांची हवी होती: सहा फूट बाय तीन फुटांचे बावीस आरसे, कडेला कड अशी बसवायची की सांधा दिसू नये. हे काम आलं तर टेबल राहणार होतं. आणि या बाईंना आमचं दुकान त्या ॲपवरच सापडलं होतं.

“म्हणूनच सांगते,” मी म्हटलं, “परक्याच्या ओसरीवर दुकान मांडायचंच नाही. आपली स्वतःची साइट करू. आपले फोटो, आपलं नाव, आपला पत्ता. कुणाच्या बापाची हिंमत नाही काढून टाकायची.”

सतरा माना डोलल्या. काकांचीही डोलली. ती अठरावी.

नाव ठरवायला वेळ लागला नाही, कारण दुकानाला नाव होतंच. आजोबांनी पाटीवर लिहिलं होतं: ‘काच-आरसा’. इंटरनेटचा पत्ता मात्र रोमन अक्षरांत लागतो.

“पाटीवर मध्ये एक रेघ आहे बरं का,” काका म्हणाले.

“रेघ लोक टाइप करायला विसरतात. कमीत कमी चिन्हं, हे शास्त्रातलं मूळ तत्त्व आहे.”

मी टाइप केलं: kacharasa. नऊ अक्षरं. सुटसुटीत. मी मोठ्याने वाचलं, “काच-आरसा.” काकांनी वाचलं, “काच-आरसा.” काकूला चष्मा सापडत नव्हता. “तुम्ही दोघांनी वाचलंय ना, मग झालं,” म्हणून ती भांडी आवरायला गेली. इतकं सोपं नाव अजून कुणी घेतलेलं कसं नाही, याचं मला आश्चर्य वाटायला हवं होतं. मला आनंद झाला. दहा वर्षांसाठी एकदम घेतलं.

मग फोटो. या वेळी आरशात चिटपाखरूही दिसणार नाही, अशी मी प्रतिज्ञा केली. आपतन कोन आणि परावर्तन कोन समान असतात, हे मी शाळेपासून जाणते. पंचेचाळीस अंशांतून फोटो काढला तर मी येत नाही. मी आले नाही, पंखा आला. तीस अंशांतून गादीवाले आले, पाठमोरे, वाकलेले, गादीची शिवण तपासताना. तो फोटो ‘बाथरूमसाठी खास’खालीसुद्धा चालला नसता. शेवटी मी एक मोठी काळी चादर आणली, मध्ये कॅमेऱ्यापुरतं भोक पाडलं आणि चादरीच्या मागे उभी राहिले. आता आरशात फक्त काळोख. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला, की सांगता सोय नाही. साइटवर ओळीने चकचकीत काळे चौकोन झळकले. त्यावर मोठ्या अक्षरांत पत्ता आणि खाली माझं घोषवाक्य: ‘तुम्ही फक्त जागा दाखवा. बाकी आमच्यावर सोडा.’ त्याखाली एक फॉर्म: लांबी, रुंदी, किती नग, कितवा मजला, लिफ्ट आहे का. ‘आरसा’ हा शब्द मी कुठेही वापरला नाही. नावातच आहे तर पुन्हा कशाला?

प्रचारासाठी पत्ता आणि फोन नंबर घातलेले पाचशे स्टिकर छापले. ते कुठे लावायचे, यावरही मी विचार केला होता. माणूस आरसा कुठे बघतो? इमारतीच्या लिफ्टमध्ये. म्हणून आसपासच्या चाळीस इमारतींच्या लिफ्टमध्ये, आरशाच्या बरोबर खाली एकेक स्टिकर. दुकानाच्या शटरवर पेंटरकडून तोच पत्ता दोन फूट उंचीच्या अक्षरांत लिहून घेतला. पेंटर रंगवताना दोनदा थांबला, त्याने माझ्याकडे वळून बघितलं, आणि तो पुन्हा रंगवू लागला. मला वाटलं, अक्षरांचं वळण न्याहाळतोय.

पहिल्या आठवड्यात साइटवर अकरा भेटी झाल्या. त्यातल्या नऊ माझ्या होत्या. दुसऱ्या आठवड्यात छप्पन्न. तिसऱ्या आठवड्यात दोनशे चाळीस. मी आलेख काढून काउंटरवर चिकटवला. रेघ अशी वर जात होती, की पुढच्या महिन्यात कागदाला वर जोड द्यावा लागला असता.

आणि फोन. पहिला फोन मला शब्दन् शब्द आठवतो.

“हॅलो, तुमचं स्टिकर बघितलं लिफ्टमध्ये. साडेपाच फूट आहे. घेऊन जाल का?”

“घेऊन येऊ,” मी म्हटलं. “साडेपाच फूट उंची ना?”

“लांबी. उंची कमी आहे. एक पाय मोडलाय.”

“अरेरे. काळजी घ्या. जिना चढू नका, आमची माणसं वर येतील.”

“माझा नाही हो, सोफ्याचा.”

“हं, म्हणजे सोफ्याच्या वर बसवायचाय.”

“बसवायचा कसला? त्यावर बसवत नाही म्हणून तर फोन केला.”

मी वहीत लिहिलं: ‘सोफ्याजवळ. साडेपाच फूट. गिऱ्हाईक गोंधळलेलं.’ दिवसाकाठी असे दहा फोन येऊ लागले, आणि मी आतापर्यंत न पाहिलेला एक सामाजिक नियम मांडला: आरसा घेणारी माणसं मूळची गोंधळलेली असतात. फॉर्मही भरून येत होते. ‘लांबी सहा फूट, रुंदी चार, एक नग, तिसरा मजला, लिफ्टमध्ये मावत नाही.’ मोजमापं इतकी चोख, की मी काकांना म्हटलं, “बघा, ॲपवरची माणसं फक्त भाव विचारायची. स्वतःच्या साइटवर किती गंभीर गिऱ्हाईक येतं.”

“मग येत का नाही कुणी दुकानात?” काकांनी विचारलं.

“येतील. आलेख बघा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शटरसमोर एक गादी पडली होती. जुनी, मधोमध खड्डा पडलेली. त्यानंतरच्या सकाळी एक संगणकाचा पडदा आणि दोन उशा. तिसऱ्या सकाळी एक अख्खा कमोड, झाकणासकट, रस्त्याकडे तोंड करून.

मला गणित लगेच सुटलं. गादी, उशा, आणि मागच्या खोलीवर डोळा. मी तडक शेजारी गेले.

“गादीवाले, खोली हवी असेल तर तोंडाने मागा. तुमचा कचरा आमच्या दारात टाकून आम्हाला उठवायचा प्रयत्न करू नका.”

गादीवाले तसे शांत गृहस्थ. दिवसभर मऊ वस्तूंत राहून माणूस मऊ होतो. पण त्या दिवशी त्यांचाही कापूस पिंजला गेला.

“माझी गादी? ही?” त्यांनी खड्ड्यावर बोट ठेवलं. “पोरी, असल्या गादीवर मी माझ्या व्याह्यालासुद्धा झोपवणार नाही. आणि कमोड? मी कमोड विकतो का?”

“तुम्ही लक्ष दुसरीकडे जावं म्हणून ठेवला असेल.”

त्यांनी काकांना बोलावून सांगितलं, “मुदत महिनाअखेरपर्यंतची होती ना? ती तीच. एक दिवस वर नाही.” काका परत आले आणि टेबलापाशी उगाच उभे राहिले. चाक चालू नव्हतं. पाणी मात्र गळत होतं.

महिना संपायला सहा दिवस होते.

त्याच दुपारी नृत्यशाळेच्या बाईंचा निरोप आला. मी एका कानाला फोन लावून एका आजोबांना समजावत होते, की मोडक्या पंख्यासमोर आरसा लावून काही फायदा नाही. दुसऱ्या हाताने निरोप वाचला. ‘तुमचं ॲपवरचं पान दिसत नाही. नमुने कुठे बघायचे? आमचं लाकडी फ्लोअरिंग झालं, रंगही झाला. फोटो पाठवलाय. हॉल कसा वाटतो?’

मी घाईत फक्त पत्ता टाकला. मागचं डॉट वगैरे हल्ली कुणी लिहीत नाही. एक शब्द: ‘kacharasa’.

उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी काकांनी विचारलं, “बाईंना साइट कळवलीस ना?”

“कळवली. थांबा, पुन्हा कळवते.” मी लिहिलं: ‘kacharasa! सगळ्यांना सांगा.’

यावरही उत्तर आलं नाही. काका म्हणाले, “फोन करू का मी?” मी म्हटलं, “नको. आपण मागे लागलो तर भाव उतरतो.”

तिसऱ्या दिवशी बाई स्वतः आल्या.

त्या दिवशी शटरसमोर साडेपाच फुटी सोफा होता, एक पाय मोडलेला. माझ्या डोक्यात काहीतरी हललं, पण वर आलं नाही. बाई सोफ्याला वळसा घालून, कमोडवरून साडी सावरत, सरळ काउंटरपाशी आल्या. ताठ मान, ताठ पाठ, साठीच्या आसपास वय, आणि हातात फोन सुरीसारखा धरलेला.

“बावीस वर्षं मी गॅरेजमध्ये क्लास घेतला,” त्या म्हणाल्या. हेच पहिलं वाक्य, आणि ते पुढच्या चौकापर्यंत ऐकू गेलं असेल. “बावीस वर्षांनी स्वतःची जागा केली. लाकूड मी स्वतः निवडलंय, रंग मी स्वतः निवडलाय, आणि तुम्ही विचारल्यावर एका शब्दात... वर सगळ्यांना सांगा म्हणता?”

“काय झालं, बाई?” मी विचारलं. माझा आवाज आपोआप बारीक झाला होता.

“वाचा. तुम्हीच लिहिलंय. मी विचारलं, हॉल कसा वाटतो. तुमचं उत्तर काय?”

“काच-आरसा.”

“पुन्हा वाचा.”

“काच... आरसा.”

तेवढ्यात काकू डबा घेऊन आत आली. चष्मा आज तिच्या नाकावर होता. तिने बाईंच्या हातातला फोन तिरका करून बघितला आणि सहज वाचला.

“कचरासा.”

मागचं पाणी टपकलेलं ऐकू आलं.

“कसा वाटतो तर म्हणे कचरासा,” काकू म्हणाली. “छोटासा, थोडासा, तसा कचरासा. कुणी लिहिलं हे? अगदीच फाटक्या तोंडाचं दिसतंय.”

मी वर गुंडाळलेल्या शटरकडे बघितलं. दोन फुटी अक्षरं आत गुंडाळली गेली होती, तरी मला ती आता वाचता येत होती. सोफा. पाय मोडलेला सोफा. ‘घेऊन जाल का?’ गादी, उशा, पडदा, कमोड. लांबी, रुंदी, किती नग, कितवा मजला. काळे चकचकीत चौकोन. मी ज्यांना काळोखातले आरसे म्हणत होते, ते बाकी जगाला कचऱ्याच्या पिशव्या वाटत होते. आणि वर माझ्याच हातचं: बाकी आमच्यावर सोडा. लोकांनी सोडलं होतं. कामं सोडून आणून सोडलं होतं.

विज्ञानात याला काय म्हणतात ते मला माहीत आहे. निरीक्षकाला स्वतःची जागा सोडून बघता येत नाही. मराठीत त्याला गाढवपणा म्हणतात.

मी बाईंना सगळं सांगितलं. ॲप, अर्ज, नऊ अक्षरं, वगळलेली रेघ. सांगताना एकेक वाक्य जास्तच मूर्ख वाटत गेलं. बाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. “आणि ज्या दुकानाला स्वतःचं नाव नीट लिहिता येत नाही,” त्यांनी सुरुवात केली. ते त्यांचं तिसरं मोठं वाक्य होतं. त्याच वेळी त्यांची नजर माझ्या डोक्यावरून मागच्या आरशात गेली.

तक्रारीच्या आरशाने आजवर दुकानदार, मास्तर आणि एक निवृत्त फौजदार शांत केले आहेत. पण नाचणारं माणूस त्यासमोर मी प्रथमच पाहिलं. बाईंचा खांदा एका बाजूने वर चढला होता. तो त्यांना दिसला. दिसल्याबरोबर खाली आला. मग हनुवटी सरळ झाली, कपाळ मोकळं झालं, आणि राग कुठून चालू ठेवायचा ते त्यांना सापडेना.

“पारा चढला की आरसा बघावा,” मागून आवाज आला. “बाकी हल्ली आरशाला पारा नसतो, असं आमची शास्त्रज्ञ म्हणते.”

काका होते. बनियनवर, कोपरापर्यंत काचेचा पांढरा चिखल. हातात नुकताच कडा घासलेला एक तुकडा. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग आरशातल्या त्यांच्याकडे, मग परत त्यांच्याकडे.

“अरे, हे तर ते,” त्या म्हणाल्या.

“कोण ते?” काकूने विचारलं. तिच्या आवाजात एकतीस वर्षं होती.

“तुमच्या पानावरच्या फोटोंतले. मी यांच्यामुळेच आले होते.”

काकूने डबा खाली ठेवला.

“तसं नाही हो,” बाई म्हणाल्या. “मला आरसा सपाट हवा. काचेला जराशी लाट आली असेल तर मुलींचे पाय वाकडे दिसतात, आणि मी नको तिथे ओरडते. नुसत्या फोटोवरून आरसा सपाट आहे की नाही, कसं कळणार? पण यांच्या दुकानाच्या प्रत्येक फोटोत हे उभे. सहा फुटी आरशात सरळ, तीन फुटीत सरळ, कडेच्या अगदी जवळ उभे असले तरी कुठे वाकलेले नाहीत, फुगलेले नाहीत. बाकीच्या दुकानांच्या आरशांत नुसतं आकाश नाहीतर फुलदाणी. यांच्यात माणूस दिसत होता, आणि जसा असेल तसा दिसत होता. आता तुमच्या साइटवर काय आहे? काळोख. काळोख काय, वाकड्या आरशातही सरळच दिसतो.”

प्रकाशशास्त्र हा माझा खास विषय. हे मी वर सांगितलं आहे. पुन्हा सांगत नाही.

काकांनी हातातला तुकडा बाईंपुढे धरला. बाईंनी कडेवरून बोट फिरवलं. मग डोळे मिटून पुन्हा फिरवलं.

“बावीस आरसे,” त्या म्हणाल्या. “पण माझी एक अट आहे.”

“साइट आजच बंद करते,” मी घाईने म्हटलं.

“साइट ठेवा की. स्वतःची जागा असावीच माणसाला. पण त्यात ह्यांना परत घाला. आणि दारातला तो कमोड हलवा, माझ्या मुली मापं बघायला येतील.”

टेबल राहिलं. काकांनी गादीवाल्यांना जाऊन सांगितलं, आणि मी जाऊन माफी मागितली. गादीवाले म्हणाले, “असू दे, पोरी. पण त्या गादीला माझी म्हणालीस, ते विसरायला वेळ लागेल.” पेंटरला बोलावून रेघ घालून घेतली. मी विचारलं, “तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं ना?” तो म्हणाला, “कळलं होतं. मला वाटलं, धंदा बदलताय. आरशांपेक्षा बरा चालतो तो.” नवा पत्ता रेघेसकट घेतला. काकांचे फोटो पुन्हा काढले. काकूने शर्ट घालायला लावला. त्यामुळे सहा फुटीतले काका आता सरळ आणि इस्त्री केलेले दिसतात.

राहिला जुना पत्ता, दहा वर्षांचा. त्याचा निकाल आमच्या गल्लीत हातगाडी घेऊन फिरणाऱ्या भंगारवाल्यांनी लावला. ते सोफा उचलायला आले तेच तणतणत. “ताई, तुम्ही शिकलेली माणसं. माझ्या पोटावर कशाला पाय देता? गल्लीतला सगळा माल तुमच्या दारात.”

मी म्हटलं, “दादा, पाय देत नाही, पत्ता देते.” आणि जुन्या साइटवर त्यांना एक पान करून दिलं. नाव अगदी त्यांच्यासाठीच घेतल्यासारखं. घोषवाक्य बदलावंसुद्धा लागलं नाही. फॉर्ममधली लांबी, रुंदी, मजला, लिफ्ट, सगळं तसंच. ते खूश, मी खूश. परक्याच्या दारावर अवलंबून राहण्यातून एक माणूस सोडवला, या विचाराने मी दोन दिवस तरंगत होते. त्यांचा व्यवसाय आता माझ्या साइटवर चालत होता, हे मला त्या आनंदात नीट दिसलं नाही.

परवा त्यांनी मालाचे फोटो पाठवले. पत्र्याचे डबे, सायकलीचं चाक, आणि एक जुनं कपाट, दाराला आरसा लावलेलं. आरशात मोबाइल धरलेले भंगारवाले स्वतः. उकाडा होता. अंगावर बनियन.

मी त्यांना फोन लावला. “दादा, बाकीचे फोटो छान आहेत. तो कपाटाचा तेवढा चालणार नाही.”

“का हो, ताई?”

“म्हणजे... बरं दिसत नाही. त्यातला तो माणूस काढून टाका आणि पुन्हा पाठवा.”

पलीकडे हातगाडी थांबल्याचा आवाज आला. मग ते नम्रपणे म्हणाले, “बरं, ताई. तुमची साइट आहे.”

फोन ठेवला आणि मी काउंटरमागे वळणार होते. पण तिथे तो आरसा आहे. म्हणून तशीच पुढे तोंड करून उभी राहिले, तर समोर सतराजणी माझ्याकडे बघत होत्या. या वेळी एकीनेही मान डोलावली नाही.